अठरा अंक आणि वेदांचा शिक्का

'वैदिक गणित' या नांवानें हल्लीं आपल्या मुलांभोवतीं जो बाजार भरला आहे, त्याचा नागपुराशीं संबंध जुना आहे. पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य स्वामी भारती कृष्ण तीर्थ यांनीं 1953 सालीं श्रीविश्वपुनर्निर्माण संघ स्थापिला तो याच नगरींत. त्यांचा ग्रंथ निघाला तो मात्र त्यांच्या निर्वाणानंतर, 1965 सालीं. त्यांतील एक संख्या आम्हांस अतिशय प्रिय आहे, आणि तिच्याच कैवारासाठीं आम्ही लेखणी उचलली आहे.

एकास एकोणिसांनीं भागिलें असतां दशांशचिन्हापुढें 052631578947368421 हे अठरा अंक अखंड फिरूं लागतात. ग्रंथांतील रीत सुरेख आहे. उजवीकडे 1 मांडावा व दुप्पट करीत, हातचा मिळवीत, डावीकडे जावें: 1, 2, 4, 8, मग सोळांतील 6, मग तेरांतील 3. अठरा घरें भरलीं कीं पुन्हां 1. पहिल्या नऊ अंकांच्या संख्येंत पुढील नऊ अंकांची संख्या मिळवा, नऊ नवांची ओळ उभी राहते. एकपासून अठरापर्यंत कशानेंही गुणा, तेच अंक त्याच क्रमानें फिरून येतात.

येथवर आमचें कोणाशींच भांडण नाहीं. भांडण आहे तें 'वैदिक' या विशेषणाशीं. हीं सूत्रें अथर्ववेदाच्या ज्ञात परिशिष्टांत आढळत नाहींत, हें ग्रंथाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनींच मान्य केलें आहे.

"नांवाचें काय घेऊन बसलांत? मुलांना गोडी तर लागते!" असें पालक म्हणतील. गोडी लागते ती चमत्काराची. गणिताची गोडी 'कां?' या प्रश्नांत आहे. त्याचें उत्तर चार ओळींचें आहे. आपल्या संख्येची एकोणीसपट म्हणजे अठरा नऊ. आतां तिचा शेवटचा 1 उचलून आरंभीं ठेवा. या नव्या संख्येची दसपट म्हणजे मूळ संख्या, वजा 1, अधिक एकावर अठरा शून्यें. अर्थात् मूळ संख्या अधिक अठरा नऊ, म्हणजेच तिची वीसपट. तेव्हां नवी संख्या मूळ संख्येची दुप्पट ठरली! दुपटीची सारी रीत यांतूनच निघते. तेरानें भागिलें तर सहाच अंकांत फेरा कां संपतो, हें ज्या मुलास विचारावेसें वाटेल, तें खरें गणित शिकलें.

पूर्वजांचा अभिमान हवाच. पण तो खऱ्या ठेव्याचा असावा. भास्कराचार्यांनीं 1150 सालीं लीलावतींत एकंपासून परार्धापर्यंत अठराच स्थानें मोजलीं. नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं 1545 सालीं त्याच लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहून नियमांच्या उपपत्ति दिल्या. उपपत्तीवांचून नियम न स्वीकारणें हाही आपलाच वारसा आहे. वेदांचा शिक्का मारून प्रश्न बंद करणें हा त्या वारशाचा गौरव नव्हे, अवमान आहे. मुलांच्या शिकवणीचे पैसे मोजणाऱ्या पालकांनीं एवढें तरी विचारावें: रीत शिकविलीत, उपपत्ति कोठें आहे?