लष्करी रायफल आणि शेताची राखण

बोरिवली, मुलुंड, आरे या बाजूस जंगलाच्या कडेनें भात, नागली व भाजीपाला करणाऱ्या मंडळींत एक विचार अधूनमधून ऐकूं येतो. पोलिसांच्या हातून उतरलेल्या जुन्या .३०३ रायफली सरकारनें मोडींत काढण्यापेक्षां त्यांची शिकारी रायफल बनवावी, आणि ती रानडुकरांनीं गांजलेल्या शेतकऱ्यास अल्प किंमतींत द्यावी, असा तो विचार. सकृद्दर्शनीं तो काटकसरीचा वाटतो. आमच्या मतें तो शेतकऱ्याच्या हिताचा नाहीं. आणि कां नाहीं, हें नुसतें कायद्याकडे बोट दाखवून न सांगतां हत्याराच्या स्वभावावरूनच सांगणें बरें.

या कल्पनेंत तथ्य मुळींच नाहीं असें नव्हे. १९१८ व १९४५ च्या युद्धसमाप्तीनंतर यूरोप-अमेरिकेंत लष्करी रायफलींचे ढीग स्वस्तांत विकले गेले, आणि बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलसारख्या कारखान्यांनीं त्यांचें रूपांतर करण्याचाच धंदा केला. नळीवरील लांकडाचें लांब आवरण कापून आंखूड करावयाचें, संगीन बसविण्याची सोय काढून टाकावयाची, रणांगणाच्या माशीजागीं बारीक माशी लावावयाची, दहा काडतुसांच्या पेटीऐवजीं पांचांची बसवावयाची. एवढ्यानें सुमारें चार किलोंचें तें धूड हलकें होऊन खांद्याला बसतें. आंतील यंत्र तेंच राहतें, व तें मोठें टिकाऊ असतें. १९०७ सालच्या नमुन्याच्या या रायफली २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रींही मुंबईच्या पोलिसांच्या हातीं होत्या, आणि उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं त्यांना निरोप दिला तो २०२० च्या जानेवारींत. इतकीं वर्षें चाकरी केलेल्या हत्याराविषयीं कोणास ममता वाटली तर नवल नाहीं.

परंतु आमच्या देशांत लांकूड तासून काम भागत नाहीं. .३०३ हा व्यास लष्कराचा म्हणून खासगी मनुष्यास निषिद्ध आहे. छावणींतील काडतुसें बाहेरच्या बंदुकींत चालूं नयेत, ही धास्ती इंग्रज सरकारास होती; म्हणूनच बी.एस.ए. कंपनीनें हिंदुस्थानसाठीं .३१५ व्यासाच्या शिकारी रायफली केल्या, आणि पुढें इच्छापूरच्या सरकारी कारखान्यानें तोच व्यास उचलला. तेव्हां रूपांतर करावयाचें म्हणजे नळीच बदलावयाची. हें काम परवानेदार कारागिराचें आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून हत्याराचें रूपांतर करणें हाच गुन्हा असल्यामुळें, गांवच्या लोहारानें किंवा लेथवाल्यानें तिकडे फिरकूंही नये.

समजा, नळीही बदलली. तरी मुख्य अडचण पुढेंच आहे. .३०३ ची गोळी नळींतून सेकंदास सुमारें २,४४० फूट वेगानें सुटते, आणि नेम चुकला तर दोन मैलांपलीकडेही जाते; .३१५ ची गोळी कांहींशी मंद, पण तीही मैलभरांत थांबणारी नव्हे. आरेच्या पाड्यावरून किंवा मुलुंडच्या डोंगरउतारावरून तेवढ्या टप्प्यांत काय आहे, तें वाचकांनींच डोळ्यांपुढें आणावें. रानडुक्कर येतें तें रात्रीं, तेंही भाताच्या आड. नेम चुकण्याचाच संभव अधिक. शिवाय कठीण वेष्टणाची लष्करी गोळी जनावराच्या अंगांतून आरपार जाते, तें जखमी होऊन जंगलांत शिरतें, आणि जखमी डुकराएवढें वाईट जनावर पायवाटेवर दुसरें नाहीं. त्याकरितां शिकारी मऊ टोकाची गोळी वापरतात. तिच्यासारखीच गोळी कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्यांत लष्करासाठीं निघाली, व ती इतकी क्रूर ठरली कीं १८९९ च्या हेग परिषदेनें युद्धांत तिला बंदी केली.

लष्करी रायफलीचें एकच रूपांतर आम्हांस शहाणपणाचें वाटतें, आणि तें इच्छापूरलाच झालें. .३०३ रायफलीची तेथें .४१० व्यासाची गुळगुळीत नळीची बंदूक करण्यांत आली, काडतुसाचें घर बदललें, पेटीच्या जागीं लांकडी ठोकळा बसवला, व एका वेळीं एकच बार निघेल अशी ती पहारेकऱ्यांस दिली. पल्ला तोडला कीं हत्यार वस्तीजवळ वापरण्याजोगें होतें, हें तत्त्व तेव्हांच्या अधिकाऱ्यांस उमगलें होतें.

आपल्या कायद्यानेंही शेतकऱ्यासाठीं हाच मार्ग ठेवला आहे. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्यें पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि ती पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देतां येते. छर्ऱ्याचा मारा पन्नास वारांच्या आंतबाहेर. राखणीला तेवढा पुष्कळ. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें डुक्कर मारावयाचें तर कलम ११ खालीं वेगळी परवानगी लागते, आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दींत परवानगीवांचून हत्यार नेतांच येत नाहीं. त्यांत निवडणूक आली कीं परवान्याचीं हत्यारें पोलीस ठाण्यांत जमा करण्याचे हुकूम निघतात. २०१४ व २०१९ सालीं विधानसभेचें मतदान ऑक्टोबरांत झालें, म्हणजे नेमकें भात उभें असतांना. डुकरांना आचारसंहिता लागू नाहीं!

आणि खरें दुःख तर निराळेंच आहे. नुकसान ज्याचें सर्वांत जास्त होतें, त्या पाड्यावरच्या वारली शेतकऱ्याच्या नांवावर बहुधा सातबारा नसतो. पीकसंरक्षणाच्या बंदुकीचा अर्ज करावा तर गांव कोणतें व जमीन किती हें लिहावें लागतें. पिकाची नुकसानभरपाई मागावी तरी हाच कागद आडवा येतो. ज्यास ठासणीची बंदूकही मिळत नाहीं, त्यास रूपांतरित रायफल कोठून मिळणार? ती मिळेल शहरांतील हौशी जमीनमालकास, ज्यानें रात्रीं माळ्यावर बसून कधीं राखण केलेली नाहीं.

यास्तव संघानें रायफलींचा अर्ज करण्याच्या भरीस पडूं नये असें आम्हांस वाटतें. त्याऐवजीं दोन मागण्या लेखी कराव्यात. पहिली, सातबारा नसला तरी वनरक्षक, तलाठी व पाड्यांतील दोन पंच यांनीं मिळून केलेला पंचनामा भरपाईस ग्राह्य धरावा, व २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे त्वरेनें निकालांत काढावेत. दुसरी, पाड्यांच्या शेतांभोंवतीं सामाईक कुंपणास अनुदान द्यावें. एकट्यादुकट्याचें कुंपण डुक्कर वळसा घालून चुकवितें. अर्जाचा मसुदा करण्यास आम्ही तयार आहों. पाड्यापाड्यांतील नुकसानीचीं टिपणें सभासदांनीं भात कापणीपूर्वीं पाठवावींत.