सागवानापायी गेलेले राज्य

चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाची कीर्ती सर्वदूर आहे. अयोध्येच्या श्रीराममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली याच मुलखातून सागवान गेले. येथील कुटुंबांनी कोकणात गेल्यावर रत्नागिरीचा थिबा राजवाडा आवर्जून पाहावा. सागाच्या ओंडक्यांवरून एका शेजारी राष्ट्राचे स्वातंत्र्य कसे हिरावले गेले, याची ती वास्तू साक्ष देते.

बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही इंग्रज कंपनी ब्रह्मदेशाच्या जंगलांतून साग नेत असे. ओंडक्यांची संख्या कमी दाखविल्याचा ठपका ठेवून ब्रह्मी दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. तेवढे निमित्त साधून इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडालेवर चाल केली. राजा थिबा कैद झाला आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले. हा वाडा त्याच्यासाठी १९१० मध्ये बांधून झाला. उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार खिडक्या, लाकडावरील नक्षी, संगमरवरी दालन, सारेच देखणे. परंतु राजा अखेरपर्यंत बंदीच राहिला. १९१६ मध्ये त्याने येथेच देह ठेवला.

साम्राज्याचा कावा पाहा! मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदी, आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या कारागृहात! माणूस त्याच्या मातीपासून तोडला की तो संपतो, हा इंग्रजांचा हिशेब होता. लोकमान्यांनी त्याच कोठडीत ‘गीतारहस्य’ लिहून तो खोटा ठरविला.

आज हा राजवाडा राज्याच्या पुरातत्त्व खात्याने जतन केला असून तेथे वस्तुसंग्रहालय आहे. मात्र अनेक पर्यटक नक्षीची छायाचित्रे घेऊन परततात. हा वाडा कोणी, कशासाठी बांधला, हे विचारीत नाहीत. भिंतींची डागडुजी शासन करील. इतिहासाची जपणूक समाजालाच करावी लागेल.

ती आपल्या घरापासून सुरू व्हावी. थिबाच्या कैदेपूर्वी २७ वर्षे, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलणारे गोंड वीर बाबुराव शेडमाके यांना चांद्यात फाशी देण्यात आली. याच अरण्यांच्या आश्रयाने ते लढले. आपल्या मुलांना त्यांचे नाव ठाऊक आहे काय? रत्नागिरीचा प्रवास करणाऱ्या प्रत्येक पालकाने आधी ही कथा मुलांना सांगावी. मग थिबाचा वाडा त्यांना खऱ्या अर्थाने दिसेल.