शेवाळाचे गवत, कापडाची खळ

रमजानमध्ये दस्तरख्वानवर चायना ग्रासचे पुडिंग असते. हे गवत कुठे उगवते, असे मुले आम्हाला विचारतात. हे गवत नव्हेच. लाल समुद्री शेवाळातून काढलेले अगर आहे. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते, अगर शेवाळापासून. म्हणून हलालची काळजी घेणाऱ्या घरांत त्याला पसंती असते.

धुळ्याहून समुद्र लांब. तरी शेवाळाचे नाते आपल्या रोजीरोटीशीही आहे. तपकिरी शेवाळात अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ असतो. 1881 मध्ये स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने तो वेगळा काढला. कापडावर छपाई करताना रंग पसरू नये म्हणून त्याची खळ वापरतात. रिॲक्टिव्ह रंग पिठाच्या खळीलाच चिकटून वाया जातो. अल्जिनेटमध्ये तसे होत नाही.

सरगॅसम हे असेच तपकिरी शेवाळ. रत्नागिरी, मालवणच्या खडकाळ किनाऱ्यांवर ते उगवते. अटलांटिक महासागरात मात्र त्याची तरंगती जात 2011 पासून बेसुमार वाढली. 2018 मध्ये तिचा पट्टा सुमारे 8,850 किलोमीटर लांब होता आणि वजन दोन कोटी टनांहून अधिक. किनाऱ्यावर ते कुजले की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. मेक्सिकोत त्याच्या विटा करून घरे बांधली गेली. अल्जिनेट, खत आणि इंधन काढण्याचेही प्रयत्न चालू आहेत.

काम सोपे नाही. त्यात मीठ, वाळू असते आणि आर्सेनिकही आढळते. त्यामुळे खाण्यात किंवा शेतात ते डोळे झाकून वापरता येत नाही. शिवाय खोल समुद्रात त्याच्या आडोशाला मासे, कासवांची पिल्ले वाढतात. सगळेच उपसणेही बरे नाही. भावनगरची केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्था शेवाळापासून अगर, अल्जिनेट काढण्यावर अनेक वर्षे काम करते आहे.

धुळे-मालेगावच्या मागांवर कापड विणतो आपण. त्यातले बरेचसे कोरेच बाहेरगावी जाते. रंग आणि छपाईची कमाई तिकडेच राहते. ती विद्या रसायनशास्त्राची आहे, आणि आपली किती मुले दहावीनंतर थेट मागावर जातात! पालकांना आमची विनंती: मुलाला मागावर लावण्याआधी टेक्स्टाईल किंवा केमिकलच्या डिप्लोमाची चौकशी जरूर करा. मुलीसाठीही करा.