तीन चांगल्या गोष्टी, आणि चौथी

रात्रपाळी संपवून घरी गेलेल्या परिचारिकेने झोपण्यापूर्वी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या, हे वहीत लिहायचे. मार्टिन सेलिग्मन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासलेला हा साधा उपाय अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठाने आरोग्य कर्मचाऱ्यांपर्यंत नेला. तो आपल्याकडेही जरूर आणावा. त्याला खर्च नाही, आणि थकलेल्या मनाला फक्त चुका व मृत्यूच आठवत राहतात, ही सवय तो थोडी मोडतो. सलाइन लावताना न रडलेले मूल, घरी चालत गेलेला पक्षाघाताचा रुग्ण, हेही त्याच पाळीत घडलेले असते.

पण वहीला औषध समजून वॉर्डातल्या रिकाम्या जागा विसरू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटले. म्हणजे दोष सिस्टरच्या स्वभावात शोधायचा नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आपल्या सरकारी वॉर्डांत खाटांखालीही रुग्ण झोपलेले दिसतात. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा त्या कायम पदेच मागत होत्या. वही द्याच, सोबत चौथी गोष्ट म्हणून भरतीची जाहिरात काढा, सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा घाला आणि वॉर्डात हात उगारणाऱ्या नातेवाइकावर रुग्णालयानेच गुन्हा नोंदवावा.