आडात आहे, पोहऱ्यात का नाही?

'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार', ही म्हण टंचाईच्या काळात वारंवार ऐकू येई. आज देशाच्या धान्यकोठारांपुरता तरी तिचा पूर्वार्ध खोटा ठरला आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत व शहरांतील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य विनामूल्य झाले. कायदा एक, कोठारही एक. तरीही गरिबाच्या चुलीपर्यंत धान्य पोहोचण्याचे प्रमाण राज्याराज्यांत भिन्न राहिले आहे. हा फरक दारिद्र्याचा नसून कारभाराचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

छत्तीसगडने २००४ साली शिधावाटपाची दुकाने खाजगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था व महिला बचतगट यांच्या स्वाधीन केली, आणि धान्य दुकानाच्या दारापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी सरकारने घेतली. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ व रीतिका खेरा यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीवरून मांडलेल्या हिशेबाप्रमाणे २००४-०५ मध्ये तेथील सुमारे निम्मे धान्य वाटेतच नाहीसे होत असे. २०११-१२ मध्ये ही गळती दहा टक्क्यांच्या आसपास आली. त्याच वर्षी देशाची सरासरी ४० टक्क्यांहून अधिक होती. छत्तीसगड हे काही महाराष्ट्राहून संपन्न राज्य नव्हे!

तामिळनाडूने तर मुळावरच घाव घातला. १९९७ साली केंद्राने दारिद्र्यरेषेवरून शिधाधारकांची विभागणी केली, तेव्हा त्या राज्याने ती न स्वीकारता शिधा सर्वांना खुला ठेवला. जे दुकान मजुराचे तेच कारकुनाचेही असेल, तर तांदूळ निकृष्ट निघाल्यावर तक्रार करणारा आवाज उरतो.

महाराष्ट्रात याउलट घडले. १९९९ पासून पिवळी, केशरी व पांढरी अशा तीन रंगांत कुटुंबे वाटली गेली. सुशिक्षितांची पांढरी शिधापत्रिका पत्त्याचा पुरावा म्हणून कपाटात गेली, आणि तिच्याबरोबर त्या दुकानाविषयीची त्यांची आस्थाही गेली. पुढे अन्नसुरक्षा कायदा लागू करताना शहरी कुटुंबासाठी वार्षिक ५९ हजारांची उत्पन्नमर्यादा ठरली. म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत! एवढ्यात शहरात कोणाचा संसार चालतो? खरे उत्पन्न सांगावे तर धान्य जाते, धान्य घ्यावे तर खोटे लिहावे लागते, असा हा पेच आहे. शिवाय लाभार्थींची संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली असल्याने त्यानंतर वाढलेल्या वस्त्यांना या हिशेबात जागाच नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेने स्थलांतरित मजुराची सोय झाली खरी, पण ज्याचे नाव मुळात यादीतच नाही त्याने कोणत्या गावी जाऊन अंगठा लावावा?

तेव्हा उत्पन्नाची मर्यादा किमान वेतनाशी निगडित करावी, २०२७ च्या जनगणनेचे आकडे हाती येताच याद्या नव्याने कराव्यात, आणि दुकाने शक्य तेथे बचतगटांकडे सोपवावीत, अशी आमची सरकारला सूचना आहे. आड भरलेला आहे. दोर आखूड ठेवून तहानलेल्याला दोष देणे न्यायाचे नाही.