स्वस्तातला स्टार महाग पडतो

२०२३ मध्ये फुटबॉलच्या अल हिलाल क्लबने नेमारवर सुमारे ९ कोटी युरो लावले. सारखा दुखापतीत असणारा खेळाडू. सामने खेळला फक्त ७!

आपल्या मुंबई इंडियन्सनेही २०२२ च्या लिलावात जोफ्रा आर्चरला ८ कोटींना घेतलं. कोपर दुखावलंय, तो सीझन खेळणार नाही, हे माहीत असून. २०२३ ला ५ सामने, २ विकेट, आणि मधेच इंग्लंडला परत.

माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या टीमला हा जुगार परवडतो, आपल्याला नाही. भूममध्ये खव्याची जुनी मशीन स्वस्तात घेतली आणि ऐन दिवाळीत बंद पडली, तर दूध थांबत नाही, नासतं. म्हणून आधी विचारा: बंद पडली तर पर्याय काय? दुरुस्तीचे पैसे बाजूला आहेत का? उत्तर नसेल, तर सौदा सोडा.