स्टिअरिंगचा जन्मदाखला

तुमचा जन्मदाखला घरी कपाटात जपून ठेवलेला असेल. पण लोखंडाच्या तुकड्यालाही जन्मदाखला असतो, हे माहीत आहे का? फक्त तो कागदावर नसतो, त्या तुकड्याच्या अंगावरच असतो. आज आपण तो वाचायला शिकू या.

अमेरिकेत १९६०च्या दशकात ‘मसल कार’ नावाच्या गाड्या गाजल्या. मसल म्हणजे स्नायू. आटोपशीर गाडी आणि तिच्या पोटात दांडगं इंजिन, असा हा पैलवानी प्रकार! फोर्ड कंपनीच्या मस्टँगची जोरदार इंजिनं बसवलेली रूपंही याच आखाड्यातली. मस्टँग पहिल्यांदा लोकांपुढे आली ती १७ एप्रिल १९६४ रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. आज हौशी माणसं अशा जुन्या गाड्या खपून पुन्हा पहिल्यासारख्या करतात. गाडीत मूळ भाग जितके जास्त, तितका तिचा भाव जास्त. ‘बुलिट’ या १९६८ सालच्या सिनेमात धावलेली मस्टँग जानेवारी २०२० मध्ये लिलावात ३७ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली. ती काही चकचकीत नव्हती बरं का! जुनाट, रंग विटलेली होती, पण अस्सल होती.

आता जिथे एवढा पैसा, तिथे लबाडीही येणारच. मग अस्सल कसं ओळखायचं? आपण स्टिअरिंगचंच उदाहरण घेऊ. स्टिअरिंग म्हणजे नुसतं हातातलं चाक नव्हे. चाकाखाली दांडा, दांड्याच्या टोकाला दात्यांची पेटी म्हणजे स्टिअरिंग बॉक्स, त्यातून निघालेला पिटमन आर्म आणि पुढच्या चाकांपर्यंत पोचणारे टाय रॉड, असं ते सगळं कुटुंब आहे.

पहिला पुरावा डोळ्यांनी दिसणारा. १९६५ आणि १९६६ च्या मस्टँगचं चाक सडपातळ. १९६७ मध्ये त्याच्या मधोमध जाड गादी आली. १९६८ मध्ये धडक बसताच आत दबणारा दांडा आला. १९७० मध्ये किल्लीचं भोक समोरच्या फळीवरून दांड्यावर गेलं. म्हणजे १९६६ च्या गाडीत दांड्यावर किल्ली दिसली, की समजायचं, इथे बदल झालाय!

दुसरा पुरावा नंबरचा. फोर्डच्या यादीत ‘सी५झेडझेड-३६००’ असा नंबर असतो. ‘सी’ म्हणजे १९६०चं दशक, ५ म्हणजे १९६५, पुढचा झेड म्हणजे मस्टँग आणि ३६०० म्हणजे स्टिअरिंगचं चाक. मात्र इथे एक मेख आहे. यादीतला नंबर दुकानात सुटा भाग मागण्यासाठी असतो. प्रत्यक्ष भागावर असतो तो आराखड्याचा नंबर, आणि हे दोन्ही पुष्कळदा जुळत नाहीत. तेव्हा नंबर जुळला नाही म्हणून खरा भाग भंगारात टाकायची घाई करायची नाही. शिवाय त्यातलं साल आराखड्याचं असतं. १९६५ ला आखलेला भाग १९६६ च्या गाडीत असू शकतो.

तिसरा पुरावा तारखेचा. ओतीव भागावर ‘५सी१२’ असं काही दिसलं, तर ५ म्हणजे १९६५, सी म्हणजे तिसरा महिना आणि १२ ही तारीख. झाला की नाही १२ मार्च १९६५! (महिन्यांच्या अक्षरांत ‘आय’ मात्र गाळलेलं असतं.) पण नुसत्या ५ वरून १९६५ की १९७५ ते कळत नाही. म्हणून तारीख आणि नंबर जोडीनं वाचायचे.

आता नियम सोपा आहे. भाग गाडीपेक्षा थोडा आधी जन्मलेला असू शकतो, नंतर कधीच नाही. गाडी फेब्रुवारी १९६६ मध्ये तयार झाली आणि स्टिअरिंग बॉक्स एप्रिल १९६६ चा निघाला, तर तो मागाहून बसवलेला, हे नक्की. म्हणूनच जाणकार आधी फोटो काढतात आणि मग हलक्या हातानं माती काढतात. घासूनपुसून चकाचक केलं, की पुरावाच जातो!

पण थांबा, खरा प्रश्न पुढेच आहे. मूळ म्हणजे चांगलं, असं असतं का? १९६५ चा तो लांब, न दबणारा दांडा अगदी अस्सल खरा. पण समोरून जोरदार धडक बसली तर तो चालकाच्या छातीवर येऊ शकतो. म्हणूनच तर अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना धक्का सोसणारं स्टिअरिंग सक्तीचं झालं. तडा गेलेला आर्म किंवा झिजलेला टाय रॉड ‘ओरिजिनल आहे’ म्हणून बसवणं हा निव्वळ वेडेपणा. शहाणा माणूस नवा भाग बसवतो, जुना चिठ्ठी बांधून जपतो आणि गाडी विकताना दोन्ही गोष्टी सांगतो. नवा भाग बसवणं ही फसवणूक नाही; तो मूळचा आहे असं सांगणं, ही फसवणूक.

आता तुमचं काम. घरच्या किंवा शेजारच्या स्कूटरच्या टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे शोधा. २३१९ असतील, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. आता गाडी कधीची ते विचारा. टायर मूळचा की बदललेला? मालकाला विचारण्याआधी तुम्हीच सांगा पाहू!